व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: पेरणीच्या आधी तिकीट काढावं का?

कोरडवाहू (सेलू तालुका, जि. परभणी)

राम राम मंडळी. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण मागचं-पुढचं सांगितल्याबिगर तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

आमच्या स्वयंपाकघरात गेल्या सालचं कॅलेंडर अजून खिळ्याला आहे. खताच्या दुकानातून फुकट आलेलं. त्याचं जुलैचं पान वर आहे: कमरेएवढी गुलाबी फुलं, मागं बर्फाचे डोंगर, मधून ढग चाललेत. खाली बारीक अक्षरात ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, उत्तराखंड’. जुलै गेला, दिवाळी गेली, नवीन कॅलेंडर आलं ते बैठकीत लागलं. आतलं पान काही पालटलं नाही. दुधाचा हिशोब ही अजून त्याच पानावर लिहिती. वार जुळत नाहीत, तरी.

आम्ही दसरा-दिवाळीसाठी अर्धा एकर झेंडू करतो. तीस वर्षं हिचा हात फुलात आहे, पण तो तोडायला, क्रेट भरायला आणि भाव पडला की बाजारातच ढीग ओतून मोकळ्या हातानं परत यायला. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “जी तोडायची नाहीत, तोलायची नाहीत, तशी फुलं एकदा बघू.” लग्नाला तीस वर्षं झाली, हिनं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून हा खटाटोप.

आता अडचण ऐका. वाचलंय त्यावरून तिथं फुलं भरात असतात ती साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आमच्या भाषेत पुष्य आणि आश्लेषा, म्हातारा पाऊस आणि त्याच्या पुढचा. आमच्याकडं सहा एकर सोयाबीन. पेरल्यावर विसाव्या-बाविसाव्या दिवशी तणनाशक, आणि पस्तीस-चाळीसला, पीक फुलात यायलं की अळीची फवारणी. म्हणजे आमच्या सोयाबीनला फूल लागायचा आणि तिकडची फुलं बघायचा वकत एकच.

त्यात रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतंय. आश्लेषात जायचं म्हणलं तर तिकीट जूनच्या तोंडाला काढावं लागणार, मृगाच्याही आधी. तवर पाऊस केरळात का समुद्रात, पत्ता नसतो. पेरणी कधी होईल, दुबार पेरायची पाळी येईल का, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि मी दिल्लीचं तिकीट खिशात घालून बसू?

दुसरी अडचण गुडघे. हिचं वय ५१. दिवसभर रानात वाकून काम करती, पण ते सपाटीवर. आमच्याकडं चढ म्हणजे निम्न दुधनाच्या धरणाची भिंत, त्याच्यापुढं डोंगर नाही. मला बीपीची एक गोळी चालू आहे, वय ५६.

तर विचारायचं ते असं. तारीख कोणती धरावी? सप्टेंबरला गेलं तर काय दिसेल? चालणं झेपेल का? आणि सहल कंपनीतून जावं का आपलं आपण?

गावात बोलायची सोय नाही. शेजारच्या आबांना सहज म्हणलं, आबा, फुलांच्या घाटीत जायलोत. तर ते खाटेवरून उठून बसले, “घाटीत? कोण ॲडमिट हाय?” संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्याला घाटी म्हणतात हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो.


बालाघाटी (धाराशिव)

काका, एवढं लांब कशाला? कासला जा की. सातारा एका रात्रीत येतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर फुलं असतात, तोवर तुमच्या फवारण्याही उरकतात. कास पण तुमच्या व्हॅलीसारखं युनेस्कोच्या जागतिक वारशातलंच आहे.


कोरडवाहू

कास बघितलंय, पोरीच्या सासरवरून येताना. चांगलं आहे. पण तिथली फुलं बोटाएवढी, वाकून बघायची. ही म्हणाली, वाकूनच बघायचं तर आपलं रान काय वाईट. कॅलेंडरवर बर्फ आहे हो.


गोदाकाठचा सरदार (नांदेड)

काका, सत श्री अकाल, आणि राम राम पण.

मी चार वेळा हेमकुंड साहिबला, आमच्या शिखांच्या डोंगरातल्या तीर्थाला, गेलोय आणि त्यातल्या दोन वेळा व्हॅलीत. आमच्या नांदेडच्या माणसाला ती वाट परकी नाही. दशम गुरूंनी, म्हणजे गुरू गोबिंदसिंगांनी, लिहिलंय की मागच्या जन्मी सात शिखरांच्या मधे त्यांनी तप केलं. ते ठिकाण म्हणजे हेमकुंड. आणि त्यांचा अखेरचा मुक्काम आमच्या गोदावरीच्या काठी, १७०८ साली. म्हणून इथले लोक आयुष्यात एकदा तरी वर जाऊन येतात. आता गंमत ऐका. हेमकुंड आणि तुमची व्हॅली, दोन्हीची वाट घांगरिया या वरच्या मुक्कामाच्या गावापर्यंत एकच. घांगरियाच्या थोडं पुढं फाटा फुटतो: डावीकडं व्हॅली, उजवीकडं हेमकुंड. मी १९ वर्षांचा असताना संगतीबरोबर, म्हणजे भाविकांच्या मेळ्याबरोबर, पहिल्यांदा गेलो, उजवीकडं पळत गेलो, पळत खाली आलो. डावीकडं काय आहे हे नांदेडला परत आल्यावर कळलं.

वाट सांगतो. परभणीहून सचखंड एक्सप्रेस धरा. सकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी दुपारकडं नवी दिल्ली. ताट-वाटी आणि डबा पिशवीत वरच ठेवा. वाटेतल्या काही स्टेशनांवर संगत लंगर घेऊन उभी असते, बादलीतून डाळ-भाजी वाढते, पण भांडं आपलं लागतं. ज्याच्याकडं भांडं नसतं तो प्लास्टिकची पिशवी पुढं करतो, वहिनीसाहेबांना ते आवडायचं नाही. दिल्लीहून हरिद्वार त्याच संध्याकाळी करता येतं, पण मधे मोकळा वेळ ठेवूनच पुढचं तिकीट काढा.

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटेच निघायचं. ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर. आपल्याकडं एवढं अंतर जेवायच्या आत कापतो, तिथं उजाडल्यापासून मावळेपर्यंत बसून राहावं लागतं. रात्री डोंगरात गाड्या सोडत नाहीत. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग हे सगळे संगम वाटेतच लागतात. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठाच्या पुढं. जोशीमठात झोपा आणि पैसे तिथंच काढून घ्या. वर एटीएमच्या आणि मोबाईलच्या भरवशावर राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून चार किलोमीटर पुलनापर्यंत जीप, आणि मग पायी. पुलना ते घांगरिया नऊ-दहा किलोमीटर, सगळी चढणच, पण वाट बांधलेली आहे आणि चहाची दुकानं आहेत. शेजारून लक्ष्मणगंगा इतक्या जोरात जाते की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. घांगरिया ३,००० मीटरच्या वर. तुमचं सेलू ४०० च्या आसपास असेल.

म्हणून एक गोष्ट माझ्याकडून शिका, माझ्या डोक्यानं शिकून घेतलेली आहे. त्या पहिल्या वेळी आम्ही दुपारी घांगरियाला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोरांबरोबर पैज लावून हेमकुंडला निघालो. ते ४,३०० मीटरच्या आसपास आहे, सहा किलोमीटरची उभी चढण. वर पोचेपर्यंत कपाळात घण बसत होते. सरोवरात डुबकी मारली, बाहेर आलो आणि ओकलो. एका बाबाजींनी खिचडीचा द्रोण माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाले, “पुत्तर, आधी खाली चल, खाणं पळून जात नाही.” दोन किलोमीटर खाली आल्यावर डोकं उतरलं. उंचीवर डोकं दुखलं, मळमळ झाली तर औषध एकच, खाली उतरणं. वर चढून बरं होत नाही.

तुम्ही आधी व्हॅली करा. ती ३,५०० च्या आसपास आहे, अंगाला सवय होते. मग तिसऱ्या दिवशी जमलं तर हेमकुंड, नाही जमलं तर पुन्हा व्हॅली. हेमकुंडवर रात्री कुणालाच राहू देत नाहीत, दुपारी दोनच्या आत खाली काढतात. बीपीचं डॉक्टरला विचारून जा, गोळी बंद करू नका.

राहायचं म्हणाल तर गोविंदघाटला आणि घांगरियाला गुरुद्वारे आहेत. कुणीही जा, जात-धर्म कुणी विचारत नाही. गर्दीत सतरंजीवर झोपायची तयारी पाहिजे. नाहीतर हॉटेलं आहेत.


कोरडवाहू

सरदारजी, एवढं कुणी सोयऱ्यालाही सांगत नाही. हिला वाचून दाखवलं. लंगराचं ऐकून म्हणाली, मग मी शेंगदाण्याची चटणी जास्तीची नेते, त्यांच्याही ताटात वाढीन.


मोसंबीवाली (जालना)

दादा, मी दोनदा गेले. पहिल्यांदा काहीच बघितलं नाही, त्याचीच गोष्ट आधी सांगते.

पहिल्यांदा एका सहलवाल्याबरोबर गेलो. नाव सांगत नाही. आठ दिवसांचं पत्रक होतं, रंगीत, त्यात एकही दिवस मोकळा नव्हता. जोशीमठाच्या अलीकडं, पीपलकोटीच्या पुढं दरड आली. रस्त्यावर आख्खा डोंगर बसलेला, त्यावर एक पिवळं मशीन मुंगीसारखं चाललेलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. खोलीत बसून जालन्याहून नेलेला चिवडा खाल्ला आणि खिडकीतून ढग बघितले. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला, आणि आमचा गाईड म्हणाला, आता पत्रकाप्रमाणे परत फिरायची वेळ झाली. रस्ता उघडला होता हो! समोरून गाड्या वर जायल्या होत्या आणि आम्ही खाली. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, फुलं कशी होती? मी म्हणलं, पीपलकोटीच्या हॉटेलच्या पडद्यावर होती, निळी.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: कुणाबरोबरही जा, पण दोन दिवस रिकामे हातात ठेवा. ज्या पावसानं ती फुलं येतात त्याच पावसानं दरडी येतात. एक पाहिजे आणि दुसरं नको, असं तिथं होत नाही. दोन दिवस उरलेच तर बद्रीनाथ गोविंदघाटपासून पंचवीस किलोमीटरवर आहे. फक्त बद्रीनाथला आणि हेमकुंडला उत्तराखंड सरकारची यात्रेची नोंदणी लागते, ती घरून निघायच्या आधीच मोबाईलवर करून घ्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही आमचे गेलो. सासूबाई बरोबर होत्या, वय ६८.

गुडघ्यांचं ऐका. चढताना दम लागतो, गुडघे उतरताना जातात. घांगरियाहून खाली येताना मी शेवटचे तीन किलोमीटर उलटी, पाठमोरी उतरले, लोक हसत होते, हसू द्या. काठी दोघांनीही घ्या, गोविंदघाटला मिळते, खाली टोकाला लोखंड असलेली बघून घ्या. पुलना ते घांगरिया खेचर मिळतं. चढताना खेचरावर आणि उतरताना पायी, असं बायका करतात, आणि माझ्या मते उलटं करू नये, उतरताना खेचरावर बसलं की दरीकडं झुकायला होतं आणि पोटात गोळा येतो.

पण व्हॅलीच्या आत खेचर जात नाही. तिथं पायी नाहीतर कंडी. कंडी म्हणजे माणूस पाठीला टोपली बांधतो आणि तुम्ही त्यात पाठमोरं बसता. सासूबाईंना बसवलं. नेपाळचा पोरगा होता, विशीतला, अंगात काही नाही. सासूबाई रडायलाच लागल्या, “माणसाच्या पाठीवर बसून देवाला तरी काय तोंड दाखवू.” मग त्यांनीच तोडगा काढला. पोरगा टेकायला थांबला की त्या उतरायच्या, कनवटीचा डिंकाचा लाडू काढायच्या, अर्धा त्याला अर्धा स्वतःला. पाच थांबे झाले. शेवटी तो म्हणाला, माताजी, आप कल भी आओगे?

साडीवर नेऊ नका वहिनींना. ओली साडी पिंढऱ्यांना गुंडाळते आणि पाऊल अडतं. सलवार किंवा पोरीची ट्रॅक पँट चालेल. वरून पायघोळ रेनकोट, सॅकसकट झाकणारा. छत्री घरी ठेवा. तिथला पाऊस आपल्यासारखा ढगफुटून पडून मोकळा होत नाही, दिवसभर भुरभुरत राहतो. आपण इकडं पावसाला हाका मारतो, तिथं दोन दिवसांत मी त्याला हात जोडले, बाबा आता बस.

आत दुकान नाही, टपरी नाही, आडोसाही नाही. घांगरियातून पराठे बांधून घ्यायचे आणि कागद-प्लास्टिक परत आणायचं. फाटक सकाळी सातला उघडतं, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि पाचच्या आत बाहेर यावं लागतं. सातलाच उभे राहा. दहा-अकरापर्यंत ढग वर असतात, मग खाली उतरतात.


रानवाटा (अंबाजोगाई)

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि कोरडवाहू दादा, तुमच्या कॅलेंडरमुळं गप्प बसवेना.

ती कमरेएवढी गुलाबी फुलं बहुतेक तेरड्याच्या जातीची आहेत. आपल्या गौरीच्या तेरड्याची हिमालयातली बहीण, पण माणसाच्या छातीला लागेल एवढी वाढते. शेंगही तशीच. पिकलेली शेंग बोट लावलं की फटकन फुटते, बी उडतं. वहिनींनी लहानपणी हा खेळ खेळला असेलच. तिथं बोट लावायचं नाही, तोडायला बंदी आहे, पण वारा आला की आपोआप फुटतात, कान देऊन ऐका.

हेमकुंडच्या वाटेवर खडकांत निळी पॉपी दिसली तर नीट बघा. खसखशीच्या कुळातली, तुमच्या बांधावर येणारा पिवळा धोतरा त्याच कुळातला. अंगावर काटेही तसेच. फक्त रंग असा निळा की पाकळीतून उजेड येतोय असं वाटतं. आणि सापकांदा. तो तर आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरात पण आहे, फणा काढून उभा.

आता वहिनींसाठी खास. ब्रह्मकमळ हेमकुंडच्या बाजूला उंचावर येतं, ऑगस्टमध्ये बघायला मिळतं. आपल्याकडं कुंडीत रात्री फुलतं आणि व्हॉट्सॲपवर सगळे फोटो टाकतात, ते ब्रह्मकमळ नव्हे, ते मेक्सिकोकडचं निवडुंग. खरं ब्रह्मकमळ उत्तराखंडचं राज्यफूल आहे, आणि ते कमळाच्या नात्यातलंच नाही. ते झेंडूच्या कुळातलं आहे. सूर्यफूल, करडई, शेवंती, झेंडू आणि ब्रह्मकमळ, एक घराणं. तीस वर्षं ज्या धाकट्या जावेशी वहिनींनी संसार केला, तिची थोरली जाऊ डोंगरावर राहते असं समजा.

तारखेबद्दल. जूनमध्ये वाटेत बर्फ असतो आणि फुलं थोडी. जुलैच्या मध्यापासून दर आठवड्याला रंग बदलत जातो. सप्टेंबरात आभाळ मोकळं होतं, डोंगर स्वच्छ दिसतात, पण हिरव्याचं पिवळं-तांबडं व्हायला लागतं आणि फुलं बीत गेलेली असतात. ऑक्टोबरअखेर फाटक बंद. कॅलेंडरवरचं पान पाहिजे असेल तर जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा, दुसरा पर्याय नाही. तरीही सांगून ठेवते, फोटोवाला एका जागी गुडघ्यावर बसून कॅमेरा फुलांच्या उंचीला धरतो. उभं राहून बघितलं की हिरवं जास्त दिसतं आणि फुलं त्यात शिंपडल्यासारखी. पहिल्या तासाला माझे विद्यार्थी हिरमुसले होते. मग एकानं बसून बघितलं, आणि नंतर कुणी उठायला तयार होईना.

अजून एक, शेतकऱ्याला आवडेल असं. फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती १९३१ साली कामेट शिखर चढून परत येताना या खोऱ्यात उतरले, आणि त्यानं जगाला हे नाव सांगितलं. भ्यूंडार गावचे लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं मेंढरं चारत होते. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं, आणि चराई बंद झाली. मग काय झालं? एक उंच वाढणारं तण माजलं, पॉलिगोनम, आणि खालची नाजूक फुलं त्याच्या सावलीत गुदमरायला लागली. चराई बंद केल्यानंच ते माजलं असं काही अभ्यासकांचं म्हणणं, काहींना ते मान्य नाही. वाद मिटलेला नाही. पण वनखातं माणसं लावून ते तण उपटतं. तिथं तणनाशक चालत नाही, हातानंच उपटायचं. म्हणजे खुरपणी तिथंही चुकलेली नाही.

आत एक कबर आहे, जोन मार्गारेट लेग नावाच्या बाईची. फुलं गोळा करायला विलायतेहून आली आणि १९३९ साली उतारावरून घसरून गेली. पुढं बहिणीनं येऊन दगड बसवला. तिथपर्यंत गेलात तर दोन मिनिटं बसा. आणि ओल्या खडकावर पाय देताना तिची आठवण ठेवा.


कोरडवाहू

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोन दिवस गप्प होतो. हिला ते झेंडू आणि ब्रह्मकमळाचं सांगितलं. काही बोलली नाही. मग रात्री भांडी घासताना म्हणाली, “म्हणजे आपली थोरली जाऊ चार हजार मीटरवर, आणि आपण अजून परभणीच्या बाजारात.”

पहिला निर्णय असा की तिकीट काढायचं. माझा हिशोब सांगतो, चुकत असेल तर सांगा. पेरणी साधारण २० जूनला धरली तर तणनाशक १० जुलैच्या पुढं, आणि अळीची फवारणी २५ जुलैच्या आसपास. ती उरकून २९ जुलैला सचखंड. १२-१३ दिवस लागतील, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत घरी. दुसरी फवारणी त्याच्या पुढंच येते. पाऊस लांबला आणि पेरणी जुलैत गेली तर मात्र पहिली फवारणी मी घाटीत असताना येईल. त्याला इलाज म्हणून पुतण्याला बोललोय. तो फवारील, बदल्यात त्याच्या झेंडूची दसऱ्याची तोड आम्ही दोघं करून देऊ. हिनंच ठरवलं. फुलं बघायला जायचं म्हणून फुलं तोडायचं कबूल केलं.

भावकी हसायली. बनी तो बनी, नहीं तो परभणी, ही म्हण आहेच आमच्यावर. एकजण म्हणाला, सोयाबीन वाऱ्यावर सोडून निघाला बघा हिमालयात. मी म्हणलं, सोयाबीन गेल्या दहा वर्षांत मी घरी बसून होतो तेव्हा तरी कुठं ऐकलंय माझं.

सहलवाला नको, हे मोसंबीवाल्या ताईंनी पक्कं केलं. दोन रिकामे दिवस धरलेत. सरावासाठी जिंतूरजवळच्या नेमगिरीला दर रविवारी जायचं ठरलंय, टेकडी लहान आहे पण चढ तरी आहे. कालच्या रविवारी गेलो. ती माझ्या आधी वर पोचली, मी बीपीचं निमित्त सांगितलं.

आता शेवटचं. बूट कोणते? ही आयुष्यात बूट घातलेली नाही. चपलेवर होईल का? कॅनव्हासचे चालतील?


गोदाकाठचा सरदार

चप्पल नाही, काका. कॅनव्हासही नाही, एका पावसात फुगतात आणि दोन दिवस वाळत नाहीत. तळव्याला खोल खाचा असलेले, घोट्याला धरणारे बूट घ्या, आणि मोज्यासकट बसतील असे एक नंबर मोठे. उतरताना बोटं पुढं धडकतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवे बूट गाडीत बसताना पायात घालणं. आत्ताच घ्या आणि आजपासून रोज घालायला लावा, रानात, घरात, सगळीकडं. फोड यायचे ते सेलूत येऊ द्या.


मोसंबीवाली

फक्त पाऊस पडल्यावर काळ्या रानात घालू नका. एका बुटाला दोन किलो चिखल येतो, तो सराव वेगळा.


कोरडवाहू

तिकीट झालं. २९ जुलै, परभणी ते नवी दिल्ली, दोन्ही बर्थ पक्के, एक खालचा.

बूटही आणले, परभणीहून. संध्याकाळी ही ते घालून धार काढायला गोठ्यात गेली. म्हैस बुजली, मागं सरली, पान्हा चोरला. अर्धा लिटर कमी निघालं. तेही त्याच पानावर लिहिलंय.